अधिक महिना आणि जत्रेतला टेम्पो

जत्रेत खेळणी-बांगड्यांच्या पालामागे बहुधा एक टेम्पो उभा असतो. हौद्यात माल, मालावर गोधडी, कडेला गॅसची शेगडी. शेती-घर पोरांच्या हवाली करून साठी ओलांडलेली काही जोडपी अशीच गावोगाव फिरतात. तो पाल ठोकतो, ती गल्ल्यावर बसते. घासाघीस करायची तर तिच्याशीच.

त्यांचं वर्ष तारखेवर नाही, तिथीवर चालतं. मार्गशीर्षाच्या शेवटाला माळेगाव नाहीतर पुसेगाव. दोन्ही एकाच सुमारास, म्हणून एकच धरायची. पौषात पाल, मग मांढरदेव. चैत्रात शिंगणापूर करून जोतिबा. वैशाखात गावच्या जत्रा उरकल्या, की नजर आषाढीवर.

यंदा इथंच पंचाईत आहे. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, म्हणजे सौरवर्षापेक्षा ११ दिवसांनी कमी. तो फरक भरून काढायला साधारण ३३ महिन्यांनी एक महिना जादा धरतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता; २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. गेल्या वर्षी ६ जुलैला असलेली आषाढी त्यामुळे २५ जुलैवर गेली. अधिकात गावजत्रा भरत नाहीत. देवदर्शनाला गर्दी होते, पण ती तीर्थाच्या गावी, आणि तिथं कायमची दुकानं असतातच.

म्हणजे टेम्पो महिनाभर जादा दारात उभा. हप्ता मात्र इंग्रजी तारखेलाच कापला जातो.