पट्टे लोकरीचे, मोजमाप आपलं

दुकानात रंगीबेरंगी लोकरीचा गुंडा हातात घेतला की मोह आवरत नाही. जांभळा, त्यातून निळा, निळ्यातून हिरवा, मग एकदम मोहरीच्या फुलासारखा पिवळा. घरी येऊन त्रिकोणी शाल सुरू होते. पहिले वीतभर छान पट्टे उमटतात आणि पुढे मात्र नुसती ठिगळं. मग ‘लोकर फसवी निघाली’ म्हणून ती उसवली जाते आणि पिशवी माळ्यावर जाते. मैत्रिणींनो, लोकर बहुधा फसवी नसते. तिच्यातला एक रंग किती लांब चालतो आणि आपली ओळ किती लोकर खाते, यांचा मेळ बसलेला नसतो.

अशा सगळ्याच लोकरीला आपण ‘शेडेड’ म्हणतो, पण तिच्या जाती निराळ्या. एकीत दर काही इंचांवर रंग बदलतो. शालीच्या रुंदीत तिचे पट्टे पडायचेच नाहीत, ठिपकेच पडणार. दुसरीत एकेक रंग काही मीटर चालतो, आणि विणताना पट्टे आपोआप पडतात. जपानच्या नोरो कंपनीची ‘कुरेयॉन’ ही या दुसऱ्या जातीतली नावाजलेली लोकर. कुरेयॉन म्हणजे जपानीत रंगखडू. इथे सूत कातण्याआधी तंतूच रंगवलेले असतात, म्हणून एक रंग दुसऱ्यात हळूहळू विरत जातो. मोज्यांसाठीच्या पट्टेदार लोकरीत मात्र तयार सुतावर मोजून रंग चढवतात, आणि ते माप मोज्याच्या 60-70 टाक्यांच्या फेरीला धरून असतं. ती शालीला वापरली की पट्ट्याची रेघ होते.

आता थोडं गणित. घाबरू नका, टेप आणि पेन्सिल पुरे. 20 टाक्यांचा एक तुकडा विणा. एका ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटाला लोकरीवर दोऱ्याची खूण बांधा, ओळ उसवा आणि मधली लोकर मोजा. समजा, 40 सेंटिमीटर भरली. म्हणजे टाक्याला 2 सेंटिमीटर. प्रत्येकीचा हात वेगळा, तेव्हा आकडा स्वतःचाच घ्या, शेजारणीचा नको. गुंड्यातला एक रंग 6 मीटर चालत असेल, तर 50 टाक्यांची ओळ 1 मीटर खाते आणि त्या रंगाच्या सहा ओळी होतात. पण गळ्याच्या मध्यापासून सुरू होणारी त्रिकोणी शाल दर दोन ओळींना 4 टाक्यांनी वाढते. ओळ 300 टाक्यांची झाली की तोच 6 मीटरचा रंग एका ओळीत संपतो. जाताना निळी ओळ, येताना हिरवी. ठिगळं दिसतात ती इथे.

यावर उपाय म्हणून दोन वेगळ्या रंगसंगतींचे गुंडे घ्यायचे. जाडी मात्र एकच हवी. सगळ्या ओळी सुलट. दोन ओळी पहिल्या गुंड्याच्या, दोन दुसऱ्याच्या. जाऊन-येऊन दोन ओळी झाल्या की आपण त्याच काठाशी परततो, त्यामुळे लोकर कापावी लागत नाही. थांबलेला धागा काठाने वर उचलायचा, फक्त ओढून घट्ट करायचा नाही, नाहीतर काठ आवळतो. यात खरी गंमत अशी, की पट्टा आता लोकर पाडत नाही, आपण पाडतो. लोकर फक्त पट्ट्याच्या आतला रंग बदलत राहते. ओळीच्या मध्यावर निळ्याचा हिरवा झाला तरी शेजारच्या पट्ट्यामुळे रेघ शाबूत राहते. शिवाय तो सहा ओळींचा रंग आता बारा ओळींत पसरतो. आडव्या-उभ्या धाग्यांचे रंग निराळे ठेवून धूपछाव साडीत जी झाक येते, तिचीच ही दूरची बहीण.

पण दोन रंगसंगती निवडताना डोळ्यांवर नुसता भरवसा नको. लाल आणि हिरवा अगदी वेगळे वाटतात, पण दोन्ही सारखेच गडद असले तर लांबून गिचमिड दिसते. फरक हवा तो फिक्या-गडदाचा. मोबाइलवर दोन्ही गुंड्यांचा कृष्णधवल फोटो काढा. दोन्ही एकसारखे राखाडी दिसले तर त्यातला एक परत ठेवा. एकच रंग दोन्ही गुंड्यांत असला तर ते समोरासमोर येतील तिथे पट्टे गडप होतात. अशा वेळी एक गुंडा दुसऱ्या टोकाकडून सुरू करावा. कधी गुंड्याच्या मध्येच गाठ निघते आणि पुढे रंगांचा क्रमच तुटतो. तिथे लोकर कापून, पुढे तोच रंग सापडेल तिथून जोडायची. वाया गेलेला तुकडा गोंड्याला होतो.

लोकर पुरेल का, हा प्रश्न मात्र आधी सोडवा. या त्रिकोणी शालीची खोली निम्मी झाली की वाटतं, निम्मं काम झालं. झालेलं असतं पाव. निम्मी लोकर संपते ती सुमारे 70 टक्के खोलीला. म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर गुंडे अधूनमधून तोलावेत आणि किमान दोन ओळींची लोकर टाके बंद करण्यासाठी राखून ठेवावी. दोन्ही गुंडे सारखे उरले पाहिजेत असं नाही. शेवटचा काठ एकाच गडद गुंड्याचा केला तर उलट उठून दिसतो.

पहिल्या धुण्याआधी दोन्ही लोकरींचे ओले तुकडे पांढऱ्या फडक्यात दाबून पाहा. रंग सुटत असेल तर फिका पट्टा कायमचा मळकट होईल. खरी लोकर असेल तर कोमट पाण्यात, सौम्य साबणात बुडवून, न पिळता टॉवेलात गुंडाळून पाणी काढा आणि सतरंजीवर टाचण्यांनी ताणून सावलीत वाळवा. आपल्याकडे लोकर म्हणून मिळते ती पुष्कळदा ॲक्रिलिक असते. तिच्यावर गरम इस्त्री ठेवली तर ती वितळून चपटी होते, आणि मग काही करता येत नाही.