घरोघरचा गिझर आणि हिवाळ्यापूर्वीची तपासणी

डोंबिवली, अंबरनाथ आणि वागळे इस्टेट येथील औद्योगिक वसाहतींमुळे ठाणे जिल्ह्यातील नागरिकांना ‘बॉयलर’ हा शब्द नवा नाही. कारखान्यातील बाष्पकाची नोंदणी करावी लागते, ठरावीक मुदतीने त्याची तपासणी होते आणि प्रमाणपत्राशिवाय ते चालविता येत नाही. १९२३ च्या बाष्पके अधिनियमाने घालून दिलेली ही व्यवस्था त्याच्या जागी आलेल्या २०२५ च्या अधिनियमातही कायम आहे. तथापि, ज्या पात्रात पाणी १०० अंश सेल्सिअसच्या खालीच तापविले जाते, ते या कायद्याच्या कक्षेत येत नाही. साहजिकच स्नानगृहातील गिझर पाहण्यास कोणी निरीक्षक येत नाही. ते काम घरच्या माणसांवर येते आणि बहुधा राहून जाते.

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील हिवाळा सौम्य असल्याने पाणी गोठून नळ फुटण्याची भीती येथे नाही. मार्चपासून बंद असलेला गिझर नोव्हेंबरअखेर एकाएकी रोज चालू होतो आणि त्यातील दोष उघडे पडतात. त्या वेळी कारागीरही मिळत नाही. म्हणून दिवाळीच्या साफसफाईतच ही तपासणी उरकणे श्रेयस्कर होय.

उल्हास आणि भातसा या नद्यांचे पाणी तुलनेने मृदू आहे. परंतु ज्या इमारतींना आणि ग्रामपंचायत हद्दीतील वसाहतींना कूपनलिकेवर किंवा टँकरवर विसंबावे लागते, तेथे पाण्यात क्षार अधिक असू शकतात. पाणी तापताच हे क्षार कॉइलवर पांढऱ्या थराच्या रूपाने बसतात. थरामुळे उष्णता पाण्यात सहज उतरत नाही, कॉइल आतल्या आत अतितप्त होते आणि अखेर जळते. गिझरमधून तडतड असा आवाज येऊ लागणे ही त्याची पूर्वसूचना समजावी. अशा ठिकाणी दरवर्षी टाकी रिकामी करून गाळ व थर काढून घ्यावा. टाकीत मॅग्नेशियमची एक दांडी असते. पोलादी टाकीऐवजी ती स्वतः झिजते व टाकीला गंजण्यापासून वाचविते. ती संपल्याचे बाहेरून कळत नाही, म्हणून साफसफाईच्या वेळी ती अवश्य पाहावी.

पूर्वीच्या तांब्याच्या बंबात दाब साचत नसे, कारण तो वरून मोकळा असे. पाणी भरल्याखेरीज विस्तव घालू नये, एवढे पथ्य पुरे होते. गिझरची टाकी मात्र बंद असते. तापलेले पाणी प्रसरण पावते, आणि तो वाढीव दाब सोडण्यासाठी सुरक्षा झडप बसविलेली असते. तिच्यातून थेंब गळतात म्हणून ती बुजविणे अत्यंत धोक्याचे आहे. पाण्याची टाकी दर १० मीटर उंचीवर असली की सुमारे एक बार दाब वाढतो. डोंबिवलीतील जुन्या तीन-चार मजली इमारतींत हा प्रश्न येत नाही. घोडबंदर रस्त्यावरील उत्तुंग इमारतींच्या खालच्या मजल्यांवर तो येऊ शकतो. गिझरच्या पाटीवरील दाबाचा आकडा म्हणूनच वाचावा.

दोन हजार वॅटचा गिझर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतो. त्याला ६ अँपिअरचा साधा प्लग चालणार नाही. १६ अँपिअरचा प्लग, सुस्थितीतील अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण हवे. १५ लिटर पाणी २२ अंशांवरून ५५ अंशांवर नेण्यास अशा गिझरला १७-१८ मिनिटे पुरतात, हे गणित शाळेतील वर्गातही करून दाखविता येईल. याहून फारच वेळ लागत असेल, तर थर्मोस्टॅट व विजेचा दाब तपासून घ्यावा.

गॅस गिझरच्या बाबतीत प्रश्न केवळ बिघाडाचा नसून जिवाचा आहे. बंद स्नानगृहात ज्योतीला प्राणवायू अपुरा पडला की कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक सहजतेने संयोग पावतो. गिझर स्नानगृहाबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. ज्योत निळी असावी. पिवळी दिसल्यास बर्नर साफ करून घ्यावा. सिलिंडरच्या गॅसवरील गिझर नळाच्या गॅसवर तसाच जोडू नये, कारण दोहोंचे जेट निराळे असतात. स्नान करताना डोके दुखू लागले, गरगरले किंवा मळमळले, तर तत्काळ बाहेर पडावे. कोणी बेशुद्ध आढळल्यास दारे-खिडक्या उघडून त्याला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि रुग्णालयात नेताच घरात गॅस गिझर चालू होता, हे डॉक्टरांना प्रथम सांगावे.