अक्षरात उतरलेला डोस

१९५०च्या दशकात स्किझोफ्रेनियावर क्लोरप्रोमाझिनसारखी औषधं आली, तेव्हा कुणाला किती डोस पुरेल हे ठरवायला धड मापच नव्हतं. हान्स-योआखिम हासे या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने ते रुग्णाच्या अक्षरात शोधलं. औषध सुरू होण्याआधी ठरलेला मजकूर लिहून घ्यायचा आणि डोस वाढवताना तोच पुन्हा लिहायला लावायचा. एका टप्प्यावर अक्षर बारीक होई, ओळ आखडे. इतर हालचालींतला ताठरपणा नजरेत भरण्याआधी तो इथे दिसे. हासेंच्या मते डोसाचा उंबरठा तो हाच.

ही औषधं मेंदूतला डोपामिनचा संदेश अडवतात, आणि हालचालीचा वेग नि आवाका त्याच संदेशावर अवलंबून असतो. पार्किन्सनमध्ये डोपामिनच कमी पडतं, म्हणून तिथेही अक्षर बारीक होत जातं.

कागदावर मात्र फक्त रेघ उरते. ती कशी ओढली गेली ते कळत नाही. म्हणून आता डिजिटल टॅबलेट वापरतात. पेनाचं टोक कुठे आहे आणि किती दाब देतंय, याची नोंद तो सेकंदाला शंभर-दोनशे वेळा करतो. पेन पृष्ठभागापासून किंचित उचललेलं असलं तरी पेनाची जागा टॅबलेटला कळते, त्यामुळे दोन अक्षरांमध्ये हात किती रेंगाळला तेही सापडतं. लागोपाठच्या दोन बिंदूंमधलं अंतर भागिले वेळ म्हणजे वेग. सरावलेल्या हाताचा एक फटकारा आलेखावर एकच गुळगुळीत टेकडी काढतो. हात आखडला की तिथे दोन-तीन खडबडीत शिखरं उभी राहतात. कंपही निराळा काढता येतो: पार्किन्सनचा साधारण सेकंदाला ४ ते ६ वेळा, तर लिथियम किंवा साल्ब्युटामॉल या औषधांमुळे येणारा बहुधा त्याहून जलद. कंपासाठी शब्दांपेक्षा गोगलगायीच्या शंखासारखी वळत जाणारी रेघ काढायला लावणं बरं; तिथे शुद्धलेखनाची चिंता नसते.

खरी मेहनत तुलनेत आहे. पार्किन्सनवरच्या लेव्होडोपा या औषधाचा परिणाम पाहायचा तर रात्रभर गोळी न घेतलेल्या अवस्थेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, एकदा लिहून घेतात आणि गोळी लागू पडल्यावर पुन्हा. पण दुसऱ्यांदा लिहिताना हात सरावानेही सुधारतो, चहा-कॉफीनेही थरथरतो. त्यामुळे आधी रंगीत तालीम हवी, जमल्यास दुसऱ्या दिवशी औषधाऐवजी नुसती दिसायला तशीच गोळी देऊन तुलनाही.

हासेंचा उंबरठा पुढे मेंदूच्या स्कॅननी थोडा खाली सरकवला. डोपामिनची सुमारे ६५ टक्के ग्राहकस्थानं अडली की औषधाचा गुण येऊ लागतो. ताठरपणा बहुधा ८० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे अक्षर बदलेपर्यंत डोस वाढवत राहिलं, तर गरजेपेक्षा जास्त औषध पोटात जाऊ शकतं. स्किझोफ्रेनियावरचंच क्लोझापिन तर हात फारसा न आखडताच काम करतं.

मुलांमधल्या एडीएचडीत (लक्ष न टिकण्याच्या विकारात) मेथिलफेनिडेट या औषधाने आणखी मजा होते. वहीतलं अक्षर सुबक होतं, शिक्षक खूश. टॅबलेटवर मात्र वेगाची शिखरं वाढलेली, हात अडखळणारा. त्याच मुलाला भरभर किंवा डोळे मिटून लिहायला सांगितलं की ओघ परत येतो. गोळीने हात बिघडलेला नसतो. मूल प्रत्येक वळणाकडे लक्ष देऊन लिहू लागलेलं असतं.