कूक सामुद्रधुनींतील साडेतीन तास

आजच्या विमानप्रवासांत माणूस जितका लांब जातो तितका तो वाटेला मुकतो. मुंबईस डोळे मिटावे आणि दुसऱ्या गोलार्धांत उघडावे, यांत देशांतर घडतें. प्रवास घडत नाहीं. चिरंजीवांच्या आग्रहावरून आम्ही सहकुटुंब तीन महिने न्यूझीलंडांत राहिलों. त्या मुक्कामांत खरा प्रवास म्हणावा असा जो भाग आमच्या वाट्यास आला, तो वेलिंग्टनहून पिक्टनपर्यंतचा फेरीबोटीचा. तेथील शोभा वर्णनीय आहेच; परंतु त्या पाण्यावर एक विचारहि मनांत आला, तो वाचकांपुढें ठेवावासा वाटतो.

उत्तर व दक्षिण हीं न्यूझीलंडचीं दोन मुख्य बेटें. त्यांच्यामधील सामुद्रधुनीस कॅप्टन कूकचें नांव आहे. तेथील मूळचे माओरी लोक तिला ‘ते मोआना-ओ-राउकावा’ म्हणतात. डच दर्यावर्दी आबेल तास्मान १६४२ सालीं तिच्या तोंडाशीं येऊनहि, हा उपसागर असावा अशा समजुतीनें निघून गेला. १७७० च्या जानेवारींत कूक एका टेकडीवर चढला, तेव्हां पलीकडचा समुद्र त्याच्या दृष्टीस पडला. अगदीं अरुंद जागीं ही सामुद्रधुनी अवघी २२-२३ किलोमीटर रुंद आहे. परंतु फेरीबोटीचा वळणावळणाचा मार्ग सुमारें ९२ किलोमीटर भरतो आणि त्यास साडेतीन तास लागतात.

बोट म्हणजे एक तरंगतें गांवच. खालच्या मजल्यांवर मोटारी आणि मालाचे ट्रक, वरच्या मजल्यांवर उपाहारगृह व बैठका. सौभाग्यवतींनीं सूनबाईंच्या मदतीनें दशम्या करून बरोबर घेतल्या होत्या, त्यामुळें उपाहारगृहाची चिंता नव्हती. कांचेआडची ऊब सोडून आम्ही उघड्या डेकवर जाऊन बसलों.

वेलिंग्टनचें बंदर डोंगरांनीं वेढलेलें आहे. त्यांतून बाहेर पडतांना डाव्या हातास पेनकॅरोचें टोक लागतें. न्यूझीलंडांतील पहिलें कायमचें दीपगृह १८५९ सालीं येथेंच उजळलें, आणि त्याचा सांभाळ मेरी जेन बेनेट नांवाच्या बाईकडे होता. तिचा पति १८५५ सालीं याच भागांत बुडून वारला होता. ज्या पाण्यानें कुंकू पुसलें त्याच पाण्यावरील परक्यांच्या जहाजांसाठीं ही विधवा, मुलांचा संसार सांभाळून, रात्रभर दिवा जागता ठेवी. त्या देशांत दीपगृहाची राखण करणारी स्त्री तिच्यापूर्वीं कोणी नव्हती आणि पुढेंहि कोणी झाली नाहीं.

उजव्या हातास बॅरेट रीफ नांवाचे खडक दिसतात. १० एप्रिल १९६८ रोजीं लिटलटनहून येणारी ‘वाहिने’ ही बोट भयंकर वादळांत या खडकांवर आदळली. बोटीवर ७०० हून अधिक माणसें होतीं. बंदर डोळ्यांसमोर असतां त्यांपैकीं ५१ जण त्या दिवशीं प्राणांस मुकले.

बंदराबाहेर येतांच वाऱ्याचें रूप बदलतें. पश्चिमेचे प्रबळ वारे दोन्ही बेटांवरील डोंगरांच्या मधल्या या फटींतून जोरानें घुसतात. शिवाय सामुद्रधुनीच्या एका टोकाशीं भरती असते तेव्हां दुसऱ्या टोकाशीं बहुधा ओहोटी असते, त्यामुळें प्रवाह फार वेगवान. पुण्याच्या रोहन मोरे यांनीं २०१८ सालीं हीच सामुद्रधुनी पोहून पार केली, हें त्या लाटा पाहतांना आठवलें आणि ऊर भरून आला.

याच पाण्यांत २०२३ च्या जानेवारींत ‘काइताकी’ ही फेरीबोट ८६४ माणसांसह निराधार झाली होती. इंजिनें थंड राखणाऱ्या पाण्याच्या नळीचा एक जुना रबरी सांधा फुटला आणि चारहि इंजिनें बंद पडलीं. बोट खडकाळ किनाऱ्याकडे वाहूं लागली. नांगर टाकले, ते सुदैवानें रुतले. पुढें इंजिनें चालूं झालीं व सर्वजण सुखरूप परतले. एवढी प्रचंड नौका, आणि तिचा जीव एका रबराच्या तुकड्यांत!

सुमारें दीड-दोन तासांनीं डोंगरांत एक चिंचोळी फट दिसते. हीच टोरी चॅनल. कुपे नांवाच्या पुराणपुरुषानें एका महाकाय अष्टपादाचा पाठलाग करून त्यास येथें मारिलें, अशी माओरी कथा आहे. बोट आंत शिरते आणि लाटा जणूं दाराबाहेर राहतात. दोन्ही बाजूंस वनश्रीनें झांकलेले उतार थेट पाण्यांत उतरतात. वस्तुतः ह्या पूर्वीं नद्यांच्या दऱ्या होत्या; जमीन खचली, समुद्राची पातळी चढली, दऱ्या बुडाल्या आणि शिखरांचीं बेटें झालीं. पुढें क्वीन शार्लट साउंडच्या प्रशस्त जलाशयांतून बोट हळूहळू पिक्टनला लागते.

तो शांत तास उपभोगतांना आम्हांस कौटिल्याची आठवण झाली. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत नावध्यक्षाचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. माणसें किंवा साधनें अपुरीं असलेली, अथवा ‘असंस्कृत’ म्हणजे डागडुजी न केलेली नौका बुडाली, तर नुकसान नावध्यक्षानें भरून द्यावें, असा तेथें दंडक आहे. दोन सहस्र वर्षांनंतरहि त्यांत एक अक्षर बदलण्याची गरज नाहीं. उतारूनें निश्चिंतपणें डोंगर पहावे, यासाठीं कोणीतरी खालीं सांधे तपासावे लागतात आणि कोणीतरी दिवा जागता ठेवावा लागतो. ज्यांना आपण कधीं पाहत नाहीं त्यांच्या दक्षतेवर आपलें सुख उभें असतें.

आतां पुष्कळ घरांतील वडीलमाणसें मुलांकडे परदेशीं जातात. त्यांनीं ही सफर अवश्य करावी, गरम कपडे घेऊन डेकवर बसावें. मात्र बोट सुटतांना सुरक्षिततेच्या ज्या सूचना देतात, त्या वेळीं दशम्यांचा डबा बाजूस ठेवून त्या नीट ऐकाव्या. तेवढी दक्षता आपल्याहि वाट्याची आहे.