तलावाला कुंपण आणि मुलाला पोहणे

सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनी एका नाजूक प्रश्नाचा अभ्यास डॉ. तान्या बायरन यांच्याकडे सोपवला. इंटरनेट आणि व्हिडिओ गेम यांमुळे मुलांना कोणते धोके संभवतात व ते टाळण्यासाठी काय करावे, हा तो प्रश्न. अशा कामी सहसा निवृत्त न्यायाधीश किंवा ज्येष्ठ सनदी अधिकारी निवडला जातो. येथे निवड झाली ती एका बालमानसतज्ज्ञ स्त्रीची.

बायरन यांनी सरकारी आरोग्यसेवेत दीर्घकाळ काम केले होते. पण घरोघरी त्यांचे नाव पोहोचले ते बीबीसीमुळे. ‘द हाउस ऑफ टायनी टिअरअवेज’ या मालिकेत तीन कुटुंबे सहा दिवस कॅमेरे लावलेल्या एका घरात राहत. हट्टी, न जेवणाऱ्या, न झोपणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना बायरन त्यांच्या स्वतःच्याच वागण्यातल्या चुका दाखवून देत. लेकराचा आकांत असा साऱ्या देशापुढे मांडावा काय, ही शंका मात्र रास्तच म्हणावी लागेल.

त्यांचा अहवाल २७ मार्च २००८ रोजी प्रसिद्ध झाला. पडद्यामुळे मुले बिघडतातच, असे त्यात म्हटलेले नाही; तसा निर्णायक पुरावा संशोधनात त्यांना आढळला नाही. म्हणून धोका नाही, असेही त्यांनी मानले नाही. त्यांनी दाखला दिला तो पोहण्याच्या तलावाचा. तेथे कुंपण असते, सूचनाफलक असतात, जीवरक्षक असतो, उथळ भागही असतो. तरीही मुलाला पोहणे शिकवावेच लागते. भीतीपोटी मुलाला बाहेर खेळायला न सोडणारे पालक त्याच्या खोलीतील संगणकाबाबत मात्र अनभिज्ञ असतात, ही विसंगती त्यांनी नेमकी हेरली. दुकानाच्या गडबडीत लहानग्याच्या हाती मोबाईल देऊन निश्चिंत होणाऱ्या आपल्याकडील घरांनाही ती ओळखीची वाटेल.

अहवालानंतर त्याच वर्षी शासन, उद्योग व सेवाभावी संस्था यांना एकत्र आणणारी बाल इंटरनेट सुरक्षा परिषद स्थापन झाली. व्हिडिओ गेमच्या वेष्टनावरील वयाच्या चिन्हांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता. चित्रपट परीक्षण मंडळाची चिन्हे वेगळी, ‘पेगी’ या युरोपीय पद्धतीची वेगळी. ग्राहक गोंधळून जाई. मंडळाची चिन्हे दर्शनी बाजूस असावीत, अशी बायरन यांची शिफारस होती. २००९ मध्ये सरकारने ती बाजूला सारून ‘पेगी’ स्वीकारली. बायरन यांनी मानापमानाचा प्रश्न केला नाही. दिलेल्या शिफारशींचे पुढे काय झाले याचा आढावा त्यांनीच २०१० मध्ये घेतला. अहवाल सादर करून मोकळे होणारे तज्ज्ञ पुष्कळ. वसुलीचा हिशेब पाहणारे थोडे.

‘पेगी’ला कायद्याचे बळ मिळण्यास जुलै २०१२ उजाडला. तेव्हापासून बारा वर्षे वा त्याहून अधिक वयासाठी ठरवलेला गेम त्याखालील मुलाला विकणे, हा ब्रिटनमधील दुकानदारासाठी गुन्हा ठरला.