भडकल गेटचा घसारा कधी संपला?

1642 साली. आकडेमोड सोपी आहे. मलिक अंबरने मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून भडकल गेट बांधलं 1612 मध्ये. आजच्या कंपनी कायद्याचं दुसरं परिशिष्ट म्हणतं, आरसीसीचा सांगाडा नसलेली इमारत 30 वर्षं टिकते असं धरा आणि शेवटी फार तर 5 टक्के किंमत वहीत ठेवा. झालं! शिवराय 12 वर्षांचे असतानाच हा दरवाजा कागदोपत्री भंगारात निघाला. तो अजून उभा आहे, हा त्याचा आगाऊपणा.

बीबी का मकबराही सुटत नाही. त्याचा खर्च 6,68,203 रुपये आणि 7 आणे झाल्याचं सांगतात. (ते 7 आणे वाचून कुठल्याही हिशोबनिसाचा ऊर भरून यावा.) वर्षाला सुमारे 21,160 रुपये घसारा टाकत गेलं, तर 1661 च्या सुमारास पूर्ण झालेली ही वास्तू 1691 मध्ये 33,410 रुपयांवर येऊन थांबते. औरंगजेब तेव्हा जिवंत होता आणि दख्खनमध्येच लढाया करत होता. आणखी एक गंमत. मकबऱ्याच्या मुख्य दरवाजावर आराखडा करणाऱ्या अताउल्लाचं आणि बांधकाम करणाऱ्या हंसपतरायचं नाव कोरलेलं आहे. मालमत्तेची माहिती मालमत्तेवरच! आज आम्ही त्यासाठी क्यूआर कोड चिकटवतो आणि तो पहिल्या पावसात सुटतो.

वेरूळच्या कैलास लेण्यापुढे मात्र मी हात टेकले. जमिनीला घसारा नसतो, इमारतीला असतो. पण डोंगर वरून खाली कोरत आणलेलं देऊळ जमीन की इमारत? शिवाय यात काही विकत आणलेलंच नाही, उलट मूळ मालातून काढून टाकलंय. बिल कशाचं लावणार?

हे रिकामटेकडे उद्योग मी करतो, कारण पोटापाण्याचा उद्योगही तोच आहे. छत्रपती संभाजीनगरातल्या शाळा, ट्रस्ट, छोटे कारखाने यांच्या खुर्च्या, पंखे, लेथ मोजायचे आणि ते सगळं एका डॅशबोर्डवर चढवायचं. मूळ किंमत, आजवरचा घसारा, उरलेली किंमत, वस्तू कुठे आहे, कुणाच्या ताब्यात आहे, वॉरंटी कधी संपते. हिरवं, पिवळं, लाल. संचालक मंडळाला फार आवडतं. चकत्या-चकत्यांचा रंगीत गोल दिसला की निम्मे प्रश्न विरघळतात.

डॅशबोर्ड हा शब्द मुळात घोडागाडीतला. घोड्याच्या टापांनी उडालेला चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे लावलेली फळी, तो डॅशबोर्ड. पुढे मोटारीत तिथेच काटे आले आणि मग ते काटे कॉम्प्युटरवर गेले. चिखल अडवायचं काम मात्र ऑफिसांत अजून चालू आहे. आणि त्या घोड्याचं काय? आयकरात धंद्यातल्या जनावराला घसारा मिळत नसे. ते मेलं किंवा कायमचं निकामी झालं, की मूळ किमतीतून हाती आलेले पैसे वजा करून उरलेली रक्कम एकदम खर्ची टाकायची. टांग्याला दरवर्षी थोडा थोडा घसारा, घोड्याला एकरकमी.

सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी

मराठवाड्यात कुठल्याही ऑफिसात 1 जूनला केक कापायला घ्या, अर्धा स्टाफ पुढे येईल. शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली, की गुरुजी 1 जून ठोकून द्यायचे. मालमत्ता नोंदवहीतही असे '1 जूनवाले' असतात, फक्त त्यांची तारीख 31 मार्च. जुन्या वह्या पहिल्यांदा कॉम्प्युटरवर घेताना बिलं सापडत नाहीत, ऑडिट तोंडावर असतं, मग सगळी बाकडी, कपाटं, घंटा एकाच दिवशी जन्माला येतात. डॅशबोर्डवर 'खरेदीचा आलेख' काढला की एका वर्षी टॉवरएवढा खांब उभा राहतो. एका अध्यक्षांनी मला विचारलं होतं, "त्या साली आपण एवढा पैसा कुठून आणला हो?"

एकाच वस्तूला दोन वयं असणं तर कायदेशीरच आहे. कंपनी कायदा म्हणतो, लॅपटॉप 3 वर्षं जगतो आणि सर्व्हर 6. आयकर म्हणतो, वर्षं-बिर्षं राहू द्या, दरवर्षी उरलेल्या किमतीच्या 40 टक्के उडवा. ही दुसरी पद्धत भलतीच चिवट. 50,000 चा कॉम्प्युटर पहिल्या वर्षाअखेर 30,000, दुसऱ्या 18,000, दहाव्या वर्षी 302 रुपये, विसाव्या वर्षी 1 रुपया 83 पैसे. बाविसाव्या वर्षी 66 पैसे. शून्य कधीच नाही. एक्सेलमध्ये दोन दशांश स्थळं दाखवणं बंद केलं की तो 1 रुपया दिसतो, एवढंच.

काही आयुष्यं ऐकली की हसू येतं. कंपनी कायद्याच्या त्याच परिशिष्टात विहिरीला आणि कूपनलिकेला 5 वर्षं दिली आहेत. पणजोबांच्या विहिरीवर मोटार बसवून पाणी उपसणाऱ्या माणसाला हे सांगून बघा. मोटरसायकलीला 10 वर्षं. 1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, तेव्हापासून या शहराचं दुचाकीशी जे नातं जडलंय, त्यात 10 वर्षं म्हणजे गाडीला नुकतंच मिसरूड फुटलेलं असतं. उलट हॉटेलातल्या आणि शाळेतल्या फर्निचरला 8 वर्षं, इतर ऑफिसांतल्या फर्निचरला 10. पोरांनी बाकावर कर्कटकाने कोरलेली नावं कायदा लिहिणाऱ्यांनी पाहिली असणार. आपल्या पाणचक्कीला 'सर्वसाधारण यंत्रसामग्री' धरलं तर 15 वर्षं. तिला पावणेतीनशेच्या वर होऊन गेली.

तिसरी पाळी

वाळूज-चिकलठाण्यातल्या कामगाराला आवडेल असा एक नियम. परिशिष्टात जिथे खास सूट दिलेली नाही, अशा यंत्रांवर दोन पाळ्या चालवल्या तर त्या काळापुरता घसारा 50 टक्क्यांनी वाढतो. तिन्ही पाळ्या चालवल्या तर दुप्पट. जास्त राबलं की जास्त झिजतं, हे यंत्राच्या बाबतीत कायद्याने मान्य केलंय. 'घसारा' या शब्दात घासणंही ऐकू येतं आणि घसरणंही. रात्रपाळी करून सकाळी कंपनीच्या बसमध्ये मान टाकून झोपलेला माणूस पाहिला की दोन्ही अर्थ कळतात.

घसाऱ्याची कल्पना नवी नाही. पैठणला सातवाहनांचा दबदबा होता त्या शतकात रोमचा वास्तुकार विट्रुव्हियस लिहून गेलाय की दगडगोट्यांच्या सामाईक भिंतीची किंमत ठरवताना दर वर्षामागे ऐंशीवा हिस्सा वजा करतात. विटांची भिंत ओळंब्यात असेल तर काहीच वजा नाही. ओळंबा लावून बघायचा, मग किंमत. सॉफ्टवेअर घेऊन बसलेल्या आमच्यापैकी किती जण ओळंबा घेऊन जातात?

मी एकदा गेलो नव्हतो. एका शिक्षणसंस्थेत सगळ्या पंख्यांना टॅग लावले होते. डॅशबोर्डवर पंखे शंभर टक्के हिरवे. पोरगा मोबाइल घेऊन खोलीखोलीत गेला होता, टॅग स्कॅन झाले होते, मीही सही केली. पुढच्या मार्चमध्ये एका वर्गात शिरलो तर छताला नुसता हूक. टॅग मात्र जागेवर. कुठे? भिंतीवर, रेग्युलेटरवर! टॅग लावायच्या दिवशी शिडी मिळाली नव्हती, म्हणून पोराने हात पोचेल तिथे चिकटवले होते. शिपाईमामा शांतपणे म्हणाले, "सायेब, आकडा बरोबर हाय. पंखा तेवढा नाई."

वहीत आहे पण जागेवर नाही, अशा मालाला या धंद्यात भूत म्हणतात. उलट जागेवर आहे पण वहीत नाही, अशीही जमात असते. त्याच संस्थेच्या कोठीत विनानोंदीचे कूलर निघाले. कुणीतरी देणगी दिलेले, खसाच्या जाळ्या वाळून कोळ झालेल्या. ते भूत नव्हे, ते बिनबोलावलेले पाहुणे.

खरं तर टॅग लावण्यात मराठी घरांचा हात कुणी धरणार नाही. लग्नात आलेला स्टीलचा डबा उलटा करून पाहा. कुणी दिला, कोणाच्या लग्नात, कोणत्या तारखेला, सगळं टिंबाटिंबांनी कोरलेलं. भांड्याच्या दुकानाबाहेर छोटं मशिन घेऊन बसलेला तो माणूस अक्षरामागे पैसे घेऊन जी नोंद करायचा, ती चाळीस वर्षांच्या राखेनं आणि काथ्यानंही पुसली जात नाही. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर 'कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ' असतं तेही हेच. असा पंखा चोरून घरी लावायची छाती कुणाची होणार? रोज रात्री डोक्यावर कैलासवासी फिरणार!

सरकारी कागदात अशा नोंदींच्या वहीचं भारदस्त नाव 'जडवस्तुसंग्रह नोंदवही'. ग्रामपंचायतीला महाराष्ट्रात 1 ते 33 नमुने सांभाळावे लागतात. नमुना 16 मध्ये जडवस्तू आणि जंगम मालमत्ता, 22 मध्ये स्थावर, 23 मध्ये ताब्यातले रस्ते, 24 मध्ये जमिनी. आणि शेवटचा, 33 वा, वृक्ष नोंदवही. गावच्या वडाला स्वतःची वही आहे! मोठ्या कंपन्यांच्या हिशोबमानकांना हे नंतर सुचलं. त्यांत फळ देणारं झाड हे आता यंत्रासारखं धरतात, म्हणजे जालना-पैठण पट्ट्यातली मोसंबीची बाग कंपनीच्या मालकीची असेल तर झाडाला घसारा लागेल आणि झाडावरच्या मोसंबीचा हिशोब वेगळा होईल. आंबे बहार धरलाय की मृग बहार, हे मात्र कोणत्याच मानकात विचारलेलं नाही. शेतकरी पहिला प्रश्न तोच विचारतो.

पुतळा 1 रुपयाला. देशातल्या नगरपालिकांसाठी 2004 मध्ये केलेल्या राष्ट्रीय लेखा-पुस्तिकेत लिहिलंय की पुतळे आणि मौल्यवान कलाकृती मूळ खर्चाने दाखवाव्यात, घसारा लावू नये. मूळ खर्च सापडत नसेल किंवा वस्तू भेट आलेली असेल, तर किंमत 1 रुपया. म्हणजे चौकात ज्याच्यापुढे आपण हात जोडतो, तो वहीत चॉकलेटच्या भावात असू शकतो आणि त्याच्या भोवतीचं रेलिंग काही लाखांत.

केंद्र सरकारच्या 2017 च्या वित्तीय नियमांत वाचनालयांना एक मोकळीक आहे, ती मला सगळ्यात आवडते. वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे 5 हरवली तर ते चालण्यासारखं मानावं, मात्र त्यात लबाडी किंवा हलगर्जी नसावी. नेलेलं पुस्तक परत न देणाऱ्या माझ्या मित्रांनी ही ओळ तोंडपाठ करून ठेवली आहे. त्यांचं प्रमाण हजारी 5 नाही, ही गोष्ट वेगळी.

दसरा कधी आहे?

आयकरात 180 दिवसांना फार मान आहे. वस्तू त्या वर्षी 180 दिवसांपेक्षा कमी वापरली तर घसारा निम्मा. 31 मार्चपासून मागे मोजत या, लीप वर्ष नसेल तर 3 ऑक्टोबर ही शेवटची तारीख निघते. आता पंचांग उघडा. 2025 चा दसरा 2 ऑक्टोबरला होता. त्या मुहूर्तावर आणून त्याच दिवशी सुरू केलेल्या मशिनला पूर्ण वर्षाचा घसारा, एका दिवसाने वाचला! 2024 चा दसरा 12 ऑक्टोबरला, 2023 चा 24 ला. त्या वेळी सोनं लुटून मशिन सुरू करणाऱ्यांना निम्माच. आमच्या ओळखीचे एक कारखानदार आता आधी सीएला फोन करतात, मग गुरुजींना. एका वर्षी त्यांनी मशिन घटस्थापनेलाच चालू केलं आणि पूजा दसऱ्याला घातली. देव समजून घेतो, आयकर घेत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आणि खरी प्रत्यक्ष पडताळणी? ती मार्चमध्ये होतच नाही, खंडेनवमीला होते. त्या दिवशी शेडमधलं एकूण एक यंत्र पुसलं जातं. कोपऱ्यात तोंड लपवून बसलेली ड्रिल मशिन, तीन वर्षं 'रिपेअरला गेलेली' ग्राइंडर, कुलूपबंद कपाटातले व्हर्निअर, सगळं पूजेला बाहेर येतं. ऑडिटरने विचारलं तर जे सापडत नाही, ते देवासाठी सापडतं. मी गेल्या दोन वर्षांपासून त्याच दिवशी स्कॅनर घेऊन जातो. पेढाही मिळतो.

यंदा एका लेथपाशी स्कॅनर कितीही फिरवला तरी बीप वाजेना. डॅशबोर्डवर मशिन लाल, 'आढळले नाही'. समोर लेथ उभा, गळ्यात झेंडूचा हार, पुढे उदबत्ती. वाकून पाहिलं तर ऑपरेटरने हळदीकुंकवाची बोटं नेमकी बारकोडवर ओढली होती. मी खिशातून रुमाल काढला, तसा त्याने माझा हात धरला.

"सायेब, आज नका पुसू. उद्या या."