बॉटमला सोडून सगळ्यांना ठाऊक!

रानात नाटकाची तालीम रंगलीय. पक नावाचा एक खट्याळ यक्ष येतो आणि बॉटम विणकराच्या मानेवर चक्क गाढवाचं डोकं बसवतो. सोबती बोंब ठोकत पळत सुटतात. बॉटमला मात्र वाटतं, मला घाबरवायला यांची ही सोंगं! शेक्सपिअरचं 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' 400 वर्षांहून जास्त काळ या प्रसंगावर हशा वसूल करतंय. बॉटमला जे ठाऊक नाही, ते प्रेक्षकाला ढळढळीत दिसतंय. सगळी गंमत तिथेच.

आता हेच पाच वर्षांच्या पोराला पुस्तकातून कसं सांगायचं?

1807 साली चार्ल्स आणि मेरी लॅम या भावंडांनी शेक्सपिअरच्या 20 नाटकांच्या गोष्टी मुलांसाठी लिहिल्या. त्यातल्या 14 मेरीच्या. पण पहिल्या आवृत्तीवर नाव एकट्या भावाचं! (असो.) पुस्तक अजूनही छापलं जातं. त्यात बॉटमचं नावसुद्धा येत नाही. रानात वाट चुकलेला कुणी गावंढळ, एवढीच त्याची ओळख. त्याची नाटकमंडळी आणि त्यांचा तो फजितीचा प्रयोग तर गायबच. गद्याचा नाइलाज असतो. 'त्याला काही कळलं नाही' असं लिहावं लागलं, की निम्मी मजा तिथेच विझते.

चित्रपुस्तकाला ते लिहावं लागत नाही. मजकुरातला बॉटम ऐटीत बोलत राहतो आणि वर चित्रात लांब कान हलत असतात. आई मजकूर वाचते, पोर चित्र वाचतं. म्हणजे अक्षरओळख नसलेल्याला आधी कळतं!

मोठा कागद घड्या घालून कापला, की पानं आठाच्या पटीत पडतात. म्हणून चित्रपुस्तक बहुधा 32 पानी. सुरुवातीची पानं वगळता गोष्टीला उरतात जेमतेम चौदा जोडपानं. सुमारे 16,000 शब्दांचं नाटक त्यात कोंबायचं म्हणजे कत्तलच वाटते. पण गंमत बघा. शेक्सपिअरच्या काळी लंडनच्या उघड्या नाटकघरांत प्रयोग भर दुपारी होत. रात्र झाली, चांदणं पडलं, हे नटाने बोलूनच दाखवायचं. चित्रकार गडद निळा रंग ओततो आणि ते सगळं काम एका फटकाऱ्यात उरकतो.

लेखिका-चित्रकार मार्शिया विल्यम्स यांनी 1998च्या पुस्तकात तर अख्खं नाटकघरच पानावर आणलं. चौकटींतली पात्रं शेक्सपिअरचे मूळ शब्द बोलतात, खाली सोप्या भाषेत गोष्ट चालते आणि कडेने दाटीवाटीने बसलेले प्रेक्षक शेरे मारत असतात. मला यातले ते आगाऊ प्रेक्षकच जास्त आवडतात.

खरी परीक्षा 'मॅकबेथ'मध्ये. मॅकबेथने मारेकरी घालून संपवलेल्या बँकोचं भूत मेजवानीत फक्त मॅकबेथलाच दिसतं, खुर्चीत बसलेलं. मग ते प्रेक्षकांना दाखवायचं का? 1794 साली लंडनमध्ये जॉन फिलिप केंबल या नटाने ती खुर्ची रिकामीच ठेवली होती. रंगमंचावर दोनांपैकी एक काहीतरी ठरवावंच लागतं. चित्रकाराच्या हाताशी मात्र पान उलटण्याची सोय आहे: आधी मॅकबेथच्या नजरेतून भरलेली खुर्ची, पान उलटलं की पाहुण्यांच्या नजरेतून तीच रिकामी. आणि पोर लगेच मागचं पान उघडून खात्री करून घेणार.